नेहमीच्या नावाने

"बाई, खास तुमचे आभार मानायला फोन केला," स्फटिकवाले सर म्हणाले, आणि रूटबाईंच्या पोटात गोळा आला.

आभार ऐकून पोटात गोळा येणारी माणसं जगात थोडी. रूटबाई त्यांतल्या. कोणी ओरडलं तर त्यांना एका परीने बरंच वाटे, निदान काय बिघडलंय ते तरी कळलं. पण कोणी गोड बोललं की बिघाड अजून कुठेतरी दबा धरून बसलाय, अशी त्यांची खात्री होई. घरून निघताना गॅस बंद केला का हे बघायला त्या अर्ध्या जिन्यावरून परत फिरत. कुलूप लावलं की ओढून बघत, आणि खाली फाटकापर्यंत जाऊन पुन्हा वर येऊन ओढून बघत. "ओढून ओढून एक दिवस तुटेल ते," नवरा म्हणे. तो गमतीत म्हणे, पण तेव्हापासून बाईंना कुलूप तुटण्याचीही भीती वाटू लागली होती.

अशा बाईच्या हाती तिच्या संशोधन संस्थेने आपल्या सगळ्या संगणकांची किल्ली दिली होती. युनिक्सच्या, म्हणजे हे संगणक ज्या प्रणालीवर चालत तिच्या, जगात या किल्लीला रूट म्हणतात. रूट म्हणून आत शिरलेल्या माणसाला मशीन उलट विचारत नाही. पूस म्हटलं की पुसतं, बदल म्हटलं की बदलतं. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं, बाकी शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी रूटबाईच. इतकी भित्री बाई या जागेवर कशी, असं नवखे विचारत. म्हणूनच तर, असं जुने सांगत.

"किरणांच्या पॅकेजची नवी आवृत्ती झकास चालतेय," स्फटिकवाले सर बोलतच होते. "आणि आणखी एक छान केलंत. नवं नाव लक्षात ठेवायची कटकटच नाही. नेहमीच्या नावाने बोलावलं तरी नवीच उघडते."

"नाही हो सर," रूटबाई म्हणाल्या. "नेहमीच्या नावाने जुनीच उघडेल. नवीला मी वेगळं नाव दिलंय."

"अहो, उघडतेय म्हणून तर सांगतोय. सकाळपासून तीच वापरतोय."

बाईंनी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि समोरच्या पडद्यावर नेहमीच्या नावाने पॅकेज उघडलं. पहिल्या ओळीत आवृत्तीचा क्रमांक येतो. तो नवा होता.

"बाई? आहात ना?"

"आहे," त्या म्हणाल्या.

झालं होतं ते असं. संस्थेत प्रत्येक खोलीत एकेक मशीन होतं, पण आकडेमोडीची मोठी पॅकेजं, म्हणजे तयार प्रोग्रॅमांचे संच, त्यांवर नव्हती. ती सगळी रूटबाईंच्या खोलीतल्या मोठ्या मशीनवर, एकाच जागी ठेवलेली. गच्चीवर एक टाकी आणि तिचंच पाणी सगळ्या बिऱ्हाडांच्या नळांना, तसला प्रकार. सोय मोठी होती, पण टाकीत काही पडलं तर ते सगळ्यांच्याच पेल्यात येणार. त्यातलं हे किरणांचं पॅकेज. कोणते किरण कशात किती खोल जातात, किती शोषले जातात, त्याचे तक्ते आणि हिशोब. नव्या आवृत्तीत त्या तक्त्यांची मांडणी बदलली होती. स्फटिकवाल्या सरांना ती हवी होती, बाकीच्यांचे प्रोग्रॅम मात्र जुन्या मांडणीवर बेतलेले. नवे तक्ते मिळाल्यावर ते प्रोग्रॅम बंद पडले असते तर देव पावला म्हणायचं. पण ते बंद पडत नव्हते. ते मुकाट्याने चुकीचे आकडे काढून देत होते.

म्हणून तर बाईंची रीत ठरलेली होती. नवं काही आलं की आधी ते तालमीच्या मशीनवर लावायचं, म्हणजे कोपऱ्यातल्या एका जुन्या मशीनवर, जिथे काही बिघडलं तरी कोणाचं काही जात नाही. तिथे ते काय काय बदलतं ते बघायचं. मग सगळ्यांना कळवायचं, संचालकांची सही घ्यायची आणि मगच मोठ्या मशीनला हात लावायचा. तेही नव्याला नवं नाव देऊन. जुनं आपल्या नेहमीच्या नावाने जागच्या जागी. इतक्या वर्षांत ही रीत त्यांनी एकदाही मोडली नव्हती.

मोडली ती काल.

काल दुपारी स्फटिकवाले सर त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. "नव्या आवृत्तीची टेप येऊन किती दिवस झाले, बाई?"

"तालमीचं मशीन उघडून ठेवलंय हो सर. पंखा बदलायचाय त्याचा. परवापर्यंत..."

"परवा! मला निबंध पाठवायचाय या आठवड्यात. बाई, भीतीलाही काही सुमार असतो."

खोलीत आणखी दोघं-तिघं होते. ते हसले. शेजारच्या टेबलावरचे प्रिंटरवाले भाऊ, म्हणजे बाईंचे त्या खोलीतले जुने सोबती, तेही मिशीतल्या मिशीत हसले. रूटबाईही हसल्या. आणि हसता हसता त्यांना एकदम आपलीच लाज वाटली. सगळं आयुष्य कुलपं ओढण्यात गेलं. एकदा तरी माणसाने बिनधास्त असावं की नाही?

त्यांनी टेप लावली. असलं पॅकेज बसवताना ते प्रश्न विचारतं. अमुक जागी ठेवू का, तमुक तक्ते घेऊ का. उत्तर शेजारी तयारच असतं, पटलं तर नुसतं एंटर दाबायचं. एरवी बाई पडद्यावर बोट ठेवून पहिलीतल्या पोरीसारखा एकेक शब्द वाचत. काल त्यांनी एंटर दाबलं. मग एंटर, मग आणखी एंटर. "बघा, काही झालं का?" असं सर म्हणाले, आणि खरंच काही झालं नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी चप्पल काढायच्या आधी नवऱ्याला सांगितलं, "अहो, आज मी घाबरले नाही," आणि नवऱ्याने टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न होता, की नेहमीच्या नावाने यापुढे हीच आवृत्ती उघडावी का?

आता बाईंनी एक ओळ टाइप केली. नेहमीचं नाव पुन्हा जुन्या आवृत्तीला जोडलं गेलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत. त्यांनी उघडून पाहिलं, बंद करून पुन्हा उघडून पाहिलं. जुनीच.

"सर," त्या फोनमध्ये म्हणाल्या, "ते चुकून झालं होतं. परत केलंय मी."

पलीकडे सरांचा सूर खाली आला. "कोणाची तक्रार आलीय?"

"नाही."

"मग मिटलं तर. उगाच गाजावाजा करू नका, बाई. सही ना तुम्ही घेतली होती ना मी, लक्षात आहे ना? झालं गेलं गंगेला मिळालं." आणि त्यांनी फोन ठेवला.

रूटबाई बसून राहिल्या. खोलीत यंत्रांची घरघर चालू होती आणि एसीचा गार वारा सुटला होता. सर म्हणाले ते खरं होतं. कोणाला काही कळणार नव्हतं. रूटला जाब विचारणारं त्या मशीनमध्ये कोणी नसतं. तोंड मिटून बसलं की झालं, आणि उघडलं की नोकरीवर पाणी. या वयात दुसरी नोकरी कोण देणार होतं?

त्या मनातल्या मनात एकेका खोलीचं दार वाजवत निघाल्या. कालपासून हे पॅकेज कोणी वापरलं असेल? ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या मॅडम. त्यांचा आलेख चुकेल, पुन्हा काढतील. मातीवाले, त्यांचंही तेच, दोन शिव्या घालतील आणि पुन्हा काढतील. मग धातूवाले. मग...

मग दवाखाना.

आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला संस्थेचाच किरणोपचाराचा दवाखाना होता. तिथे मोजणीवाले सर बसत. कॅन्सरच्या कोणत्या पेशंटला किरण कुठून, किती वेळ, किती जोराचे द्यायचे, त्याचा आराखडा ते बनवत. आराखडा एकदा बनायचा आणि मग रोज, आठवडेच्या आठवडे, त्याबरहुकूम किरण द्यायचे. दवाखान्याकडे स्वतःचं मोठं मशीन नव्हतं. मोजणीवाल्या सरांचा प्रोग्रॅम तारेवरून याच खोलीतलं पॅकेज मागवायचा. नेहमीच्या नावाने.

काल संध्याकाळी त्यांनी एखादा आराखडा काढला असेल तर? तर तो चुकीचा आराखडा आता कागदावर उतरला होता, त्या कागदावरून यंत्रात गेला होता, आणि नाव परत जोडल्याने तो सुधारणार नव्हता. टाकी स्वच्छ केली, पण पेला भरून कोणाच्या तरी हातात गेलेला. तो माणूस रोज येईल, रोज आत झोपेल, आणि इतरांपेक्षा आपलंच अंग जास्त का भाजतंय हे त्याला कधी कळणार नाही. डॉक्टरांनाही नाही. कोणालाच नाही.

त्यांनी दवाखान्याला फोन लावला. वाजत राहिला, कोणी घेतला नाही. पुन्हा लावला. या वेळी लाइन बिझी.

"काय झालं, बाई?" प्रिंटरवाल्या भाऊंनी विचारलं. "चेहरा का असा पांढराफटक?"

बाईंनी सांगायचा प्रयत्न केला, पण बोबडी वळली. "काल... ते एंटर... दवाखाना..." एवढंच जमलं. पण भाऊंनी त्या खोलीत बाईंइतकीच वर्षं काढली होती. त्यांच्याही हातातला पेचकस टेबलावर पडला.

"पळा," भाऊ म्हणाले. "फोन मी लावत बसतो. तुम्ही पळा."

"पण तसं काही झालेलं नसेल तर, भाऊ? काल कोणी काही काढलंच नसेल तर? मग मी उगाच जाऊन स्वतःच्या हाताने..."

"नसेल तर नसेल. देवाला नारळ फोडू. उठा आता."

रूटबाई उठल्या. जिना उतरल्या. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा त्यांनी दोन्ही चपला हातात घेतल्या आणि आवाराच्या तापलेल्या रस्त्यावरून तशाच अनवाणी धावल्या. त्यांना कोणी धावताना कधी पाहिलंच नव्हतं. सायकलींच्या छपरापाशी बसलेला पहारेकरी ताडकन उठला. "काय हो बाई, साप निघाला का?"

बाईंना उत्तर द्यायला दम नव्हता. त्या पळत होत्या आणि तोंडाने पुटपुटत होत्या. काल मोजणीवाल्या सरांचं डोकं दुखलेलं असू दे. ते लवकर घरी गेलेले असू देत. त्यांच्याकडे पाहुणे आलेले असू देत. तार तुटलेली असू दे, वीज गेलेली असू दे. देवा, काल कोणी काही काम केलेलं नसू दे. आयुष्यभर त्या घाबरत आल्या होत्या, पण ती सगळी भीती न झालेल्या गोष्टींची होती. झालेल्या गोष्टीची भीती ही काही निराळीच चीज होती. ती छातीत बसत नव्हती, सगळ्या अंगभर पसरली होती, दातांतसुद्धा.

दवाखान्याचा तो विभाग तळघरात होता. लांबलचक बोळ, भिंतीला बाकं, बाकांवर गप्प बसलेली माणसं. टोकाला एक जाडजूड दार आणि दारावर तांबडा दिवा. दिवा लागला म्हणजे आत किरण चालू.

दिवा लागलेला होता.

दाराशेजारच्या काचेच्या खोलीत यंत्र चालवणाऱ्या ताई बसल्या होत्या. बाई सरळ आत घुसल्या.

"मोजणीवाले सर कुठायत?"

"मीटिंगला गेलेत. अहो, इथे येता येत नाही असं..."

"आत कोण आहे?"

"पेशंट आहे. बाई, तुम्ही बाहेर बसा बघू आधी."

"त्यांचा आराखडा केव्हा काढला? जुना आहे का? जुना आहे म्हणा हो."

"काल संध्याकाळचा. आज पहिलाच दिवस त्यांचा. पण तुम्ही आहात कोण?"

"बंद करा," रूटबाई म्हणाल्या.

"काय?"

"बंद करा ते आधी! आकडे चुकलेत. आराखड्यातले आकडे चुकलेत. माझ्यामुळे. माझ्या हातून चुकलेत."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. विस्कटलेले केस, अनवाणी पाय, हातात तुटकी चप्पल. कोणीही वेडी म्हणून बाहेर काढलं असतं. त्या एवढ्याशा वेळात रूटबाईंना स्वच्छ कळून चुकलं, की आपण बोललो ते आता परत घेता येणार नाही, त्याला जोडायला कुठलं जुनं नाव नाही. मग ताईंनी हात पुढे केला आणि लाल बटण दाबलं. दारावरचा दिवा विझला.

छोट्या पडद्यावर आतला माणूस दिसत होता. पाठीवर झोपलेला, मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवलेला. तो तसाच निपचित पडून होता. काही बदललंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा रूटबाई बाकावर बसल्या होत्या. साठीचा, सडपातळ माणूस, गळ्यावर जांभळ्या शाईच्या रेघा. त्याने त्या रेघांवरून बोट फिरवलं आणि ताईंना म्हणाला, "झालं एवढ्यात? बरंय की. आणि आखलंय मात्र बेस. आम्ही शिंपी लोकही खडूने असंच आखतो."

"काका, जरा बसा इथेच," ताई म्हणाल्या. "सर येतायत. थोडं काम आहे." आणि त्या फोनकडे धावल्या.

शिंपीकाका रूटबाईंच्या शेजारी येऊन बसले. दुसऱ्या बाकांवर जागा असली तरी ते शेजारीच बसले, एकट्याने आलेला माणूस बसतो तसे. "तुमचं कोण आहे इथे?" त्यांनी आपुलकीने विचारलं.

आपण नुसतं 'कोणी नाही' म्हणू शकतो, हे त्यांना समजत होतं. मोजणीवाले सर येतील, डॉक्टर येतील, जे सांगायचं ते नीट शब्दांत सांगतील. तेच शहाणपणाचं होतं.

"काका," त्या म्हणाल्या, "तुम्हाला आत किती किरण द्यायचे त्याचा हिशोब चुकला होता. माझ्या हातून चुकला. मी कॉम्प्युटरचं काम करते. म्हणून थांबवलं."

शिंपीकाकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली, त्यांच्या मळलेल्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"कापड कापून झालं होतं का?" त्यांनी विचारलं.

"थोडं."

"थोडं म्हणजे? शिवणीत दडेल एवढं, का बाहेर दिसेल एवढं?"

"मला माहीत नाही हो काका," रूटबाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.

काका चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा हात एकसारखा गळ्यावरच्या रेघांकडे जात होता आणि परत येत होता, आणि आता तेही घाबरले आहेत हे बाईंना दिसत होतं. दोघं एका बाकावर बसून दाराकडे बघत राहिले.

मोजणीवाले सर धापा टाकत आले, कोणाशी न बोलता आत गेले आणि दार लावून घेतलं. ते दार पुन्हा उघडेपर्यंत बाईंचा जीव टांगणीला लागला होता. बाहेर आल्यावर सर आधी शिंपीकाकांपाशी गेले, त्यांच्या शेजारी टेकले. किरण जरुरीपेक्षा जोराचे जात होते, ते म्हणाले, पण एकाच बैठकीतला तोही अर्धाच भाग गेलाय. पुढच्या दिवसांच्या हिशोबातून तेवढे वजा करता येतात. डॉक्टर स्वतः बोलतील, गळा तपासतील. त्यातून काही अपाय व्हायचा नाही.

"शिवणीत दडेल म्हणा की," काका म्हणाले.

"दडेल," सर म्हणाले.

मग ते रूटबाईंना बाजूला घेऊन गेले. भिंतीला पाठ टेकली, चष्मा काढला. "काल असे दोन आराखडे काढले मी. दुसरा दुपारच्या पेशंटचा होता, तो आत्ताच फाडला. बाई, सगळे दिवस जर हाच हिशोब चालला असता ना..." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "कोणी विचारलं होतं का तुम्हाला? तक्रार आली होती?"

"नाही."

"मग आलात कशा?"

"भीती वाटली," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी घरी त्या जेवल्या नाहीत. नवऱ्याला सगळं सांगितलं, अगदी एंटरपासून. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला, दिवसभर गिऱ्हाइकांशी चेष्टामस्करी करून जिभेला वळणच तसं पडलेलं. आज मात्र त्याला चेष्टा सुचेना.

"अगं, पण वाचला ना माणूस?"

"वाचला म्हणतात."

"मग आता कशाला रडतेस?"

"काल मी काय सांगत आले होते तुम्हाला? आठवतंय का?"

त्याला आठवलं. तो स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिला. मग उठला, स्वयंपाकघरात जाऊन आला, दाराशी गेला. कुलूप ओढल्याचा आवाज आला, मग पुन्हा आला. "गॅस बंद आहे," परत येऊन तो म्हणाला. "आणि कुलूप बघितलं. दोनदा ओढलं. तू पड आता."

चौकशी झाली. व्हायचीच होती. स्फटिकवाल्या सरांनी सांगितलं, की आपण केवळ विनंती केली होती, कोणावर बळजबरी केली नव्हती. ते खोटं नव्हतं, एंटर काही त्यांनी दाबलं नव्हतं. भीतीला सुमार असतो, हे वाक्य मात्र त्यांच्या साक्षीत कुठे आलं नाही आणि रूटबाईंनीही ते काढलं नाही. प्रिंटरवाले भाऊ काढणार होते, त्यांना बाईंनी डोळ्यांनीच गप्प केलं.

"तुम्ही बोलला नसता तर हे कधी कळलंही नसतं," संचालक म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. समोरचा पेपरवेट ते उगाचच फिरवत होते. "आणि तिथेच माझी पंचाईत आहे, बाई. तुम्हाला शाबासकी द्यायची का शिक्षा करायची, हेच मला समजत नाही. पण दवाखान्याला मी काय सांगू? त्यांचा विश्वास उडालाय."

"उडणारच," बाई म्हणाल्या.

"नोकरी राहील तुमची. ती मी जाऊ देणार नाही. पण रूट राहणार नाही तुमच्याकडे."

"हो," बाई म्हणाल्या. आपण रडू असं त्यांना वाटलं होतं, पण डोळे कोरडेच राहिले. त्या दिवसांत त्यांचं सगळं लक्ष दुसरीकडेच होतं. रोज दुपारी त्या दवाखान्यातल्या ताईंना फोन करत. "आज आले होते?" "आले होते, बाई." "घसा कसा आहे?" "दुखतोय थोडा. या उपचारात सगळ्यांचाच दुखतो." "सगळ्यांचा दुखतो तेवढाच ना? जास्त नाही ना?" ताई बिचाऱ्या चांगल्या, कधी कंटाळल्या नाहीत. "तेवढाच, बाई. तेवढाच." आणि फोन ठेवल्यावर रूटबाई पुन्हा विचारात पडत, की ताई आपली समजूत तर घालत नसतील?

किल्ली भाऊंकडे जायचं ठरलं. भाऊंनी आधी नकार दिला होता. मग बाईंनीच त्यांना बसवून समजावलं, की बाहेरचा कोणी आला तर त्याला इथली काहीच माहिती नाही, तुम्हीच घ्या. सकाळी कामाची गर्दी सुरू व्हायच्या आत संचालक स्वतः खोलीत आले. बाईंनी शेवटचं रूट म्हणून आत जायचं आणि भाऊंनी नवा पासवर्ड घालायचा, एवढंच काम होतं.

कोणी पासवर्ड टाइप करायला लागलं की शेजारच्याने मान फिरवायची, हा या लोकांचा शिष्टाचार. कोणी शिकवत नाही, कोणी सांगत नाही. बाई कळफलकावर वाकल्या तशी संचालकांनी मान फिरवली, भाऊंनीही फिरवली. बाईंच्या बोटांनी तो शब्द टाइप केला. मशीनने दार उघडलं. मग त्या खुर्चीवरून उठल्या, खुर्ची हाताने पुसली आणि बाजूला झाल्या.

भाऊ बसले. त्यांनी मशीनला नवा पासवर्ड घालायची आज्ञा दिली आणि हात तसेच थांबले. त्यांना बाईंना काही सांगायचं होतं, पण जीभ रेटेना. बाईंनी त्यांची अडचण ओळखली. त्या आपणहून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत या खोलीत रूटच्या पासवर्डसाठी मान फिरवायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. समोर रंगाचा पोपडा सुटलेली भिंत होती, आणि एक खिळा, ज्यावर काहीच टांगलेलं नव्हतं.

मागे कळा वाजल्या. न ऐकायचं ठरवलं तरी कानांना पापण्या नसतात. चारच कळा वाजल्या, फार तर पाच. रूटबाईंच्या पोटात पुन्हा गोळा आला.

"भाऊ," त्या भिंतीला म्हणाल्या, "जरा लांबडा ठेवा. आणि घरातल्या कोणाच्या नावाचा नको."

कळा थांबल्या. भाऊंनी खाकरल्यासारखं केलं. मग पुन्हा सुरुवात केली, या वेळी बराच वेळ कळा वाजत राहिल्या. लांब होता. चांगला होता.

"झालं, बाई," भाऊ म्हणाले. "बघा इकडे."

"अजून नाही झालं," त्या म्हणाल्या. "खात्रीसाठी दुसऱ्यांदा विचारतं ते."

मशीनने दुसऱ्यांदा विचारलं. भाऊ एकेक अक्षर सावकाश टाइप करत होते, आणि रूटबाई भिंतीकडे तोंड करून, हाताची घडी घालून, त्यांचं होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.